पाठमोरा घोडेस्वार

बाईंना वर्गात पाठीमागे सगळे ‘सेनापती’ म्हणायचे, आणि हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. लॉंड्रीच्या वरच्या खोलीत, कढत इस्त्रीचा वास जमिनीतून वर येत असताना, त्या दर रविवारी जपानी शाईची चित्रं शिकवायच्या. सामुराई, त्यांच्या तलवारी, त्यांचे घोडे. शिकवायच्या म्हणजे काय, तर आधी नुसती शाई घासायला लावायच्या. काळी कांडी, ओला दगड, पाठ ताठ आणि तोंड बंद. "तलवार म्यानातून निघाली की निघाली," त्या म्हणायच्या. "अर्ध्यावर थांबून ‘अरेच्चा, चुकलं’ म्हणायची सोय नसते. कुंचल्याचंही तसंच." कुणी रेघेवर पुन्हा रेघ ओढली की बाई न बोलता तो कागद पालथा घालायच्या. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या!

या वर्गात ड्रायव्हरकाका कसे टिकले, देव जाणे. जन्म बस चालवण्यात गेलेला. निवृत्त झाल्यावर घरात सारखे पायात पायात येतात म्हणून बायकोनेच त्यांना इथे धाडलं होतं. काका एकच चित्र काढायचे, घोड्यावर बसलेला पाठमोरा सामुराई. "चेहऱ्याची कटकट कोणी सांगितली?" असं त्यांचं म्हणणं. घोड्याचं कधी गाढव व्हायचं, कधी सोफा. पण मागच्या महिन्यात घरून ते एक घोडा काढून घेऊन आले आणि बाई बघतच राहिल्या. तो कागद पालथा पडला नाही.

पुढच्याच आठवड्यात काकांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

आज संध्याकाळी त्यांना दवाखान्यातून घरी आणायचं होतं. काकू सकाळीच त्या घोड्याच्या चित्राची गुंडाळी घेऊन बाईंच्या दारात उभ्या. "हे त्यांच्या खाटेसमोर लावून द्या, बाई. तो हात पुन्हा उठेल की नाही, डॉक्टर धड सांगत नाहीत. निदान त्या हाताने केलेलं डोळ्यांसमोर…"

शाईने असा पातळ कागद आक्रसतो, चुण्या पडतात. तो पालथा टाकून मागून ओला करायचा, खळ लावायची आणि जाड कागद चिकटवायचा, मग चित्र सरळ होतं. ताजी घासलेली शाई पाण्याला दाद देत नाही. रात्रभर राहिलेली शिळी शाई मात्र थेंब लागला की फुटते. म्हणून आधी कोपऱ्याला ओला कापूस टेकवून बघायचं, हे बाई सगळ्यांच्या डोक्यात हातोड्याने ठोकायच्या. पण काकू घड्याळाकडे बघत होत्या. आणि बाईंना वाटलं, माझ्या विद्यार्थ्याची शिळी शाई वापरायची छाती होईल? बाईंनी कापूस काढलाच नाही. काकू खाट लावायला घरी गेल्या आणि बाईंनी कागदावर पाणी मारलं.

घोड्याच्या पायांपासून सुरुवात झाली. रेघ सुजली, तिच्या कडेने राखाडी पाणी पसरलं, मग पोट, मग स्वाराची पाठ. बाईंनी टीपकागद दाबले, पंखा लावला, पण एकदा फुटलेली शाई कुणाच्या बापाचं ऐकत नाही. एका माणसाचा उजवा हात आपण पुसून टाकला, एवढंच त्यांच्या मनात येत होतं.

मग त्यांनी जे केलं, ते त्यांच्या वर्गातल्या कुणी केलं असतं तर त्याची धडगत नव्हती. त्यांनी दार लावलं, शाई घासली आणि तोच घोडा, तोच स्वार नव्या कागदावर उतरवला. काकूंना काय कळणार? रेघ एकटाकी आली. वाळवून, चिकटवून झालं तोवर काकू परत दारात.

काकूंनी चित्र उजेडाकडे धरलं.

"हे ह्यांचं नाही," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"हा ताठ बसलाय. ह्यांचा थोडा उजवीकडे कललेला असतो, आरशात मागची गाडी बघितल्यासारखा. जेवायलासुद्धा तसेच बसतात हो." त्यांनी चित्र हळूच टेबलावर ठेवलं. "त्यांचं कुठंय?"

बाईंनी टीपकागदाखालून फुटलेलं चित्र काढून पुढे केलं. सगळं सांगितलं. काकू ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "मला सांगायचं होतं ना, बाई." आणि मग, "चला, तुम्हीच लावा. त्यांना उत्तरही तुम्हीच द्या."

काकांच्या घरी बाईंनी ते ओलसर चित्र खाटेसमोर टाचण्यांनी लावलं. पळून जावंसं वाटत होतं. तेवढ्यात दवाखान्याच्या दोघा माणसांनी काकांना उचलून आत आणलं, उशीला टेकवून बसवलं. त्यांची नजर भिंतीवर गेली आणि तिथेच थांबली. घोडा धुक्यात बुडाल्यासारखा दिसत होता.

"काका, हे माझ्या हातून झालं," बाई म्हणाल्या. "आधी तपासायला हवं होतं. नाही तपासलं."

काकांचा ओठ एका बाजूला ओढला गेला. घशातून काहीतरी खरखरलं. काकू घाईने वाकल्या, इतके दिवस दवाखान्यात त्या एका अक्षराची वाट बघत होत्या.

"शि…" काका थांबले, घामाघूम झाले, पुन्हा जोर लावला. "शिळी." आणि डावा हात चादरीतून काढून त्यांनी आपल्याच छातीवर आपटला.

"शिळी काय? काय हवंय ह्यांना?" काकूंनी बाईंकडे वळून विचारलं.

बाई खाटेच्या कडेवर बसल्या होत्या आणि त्यांचे डोळे वाहत होते.

"काही नकोय त्यांना, काकू. शाई शिळी होती म्हणतायत. माझी चूक आपल्या अंगावर घेतायत."