तीन तारा आणि माझा डावा हात

माझ्या डाव्या हाताची मधली दोन बोटं अर्धी आहेत. नऊ वर्षांचा असताना ती कडबा कापायच्या यंत्रात गेली. मी कडबा आत सारत होतो आणि आई चाक फिरवत होती. अकोल्याकडच्या आमच्या गावात अशा बोटांचे आणखी दोघे-तिघे होते, त्यामुळे पोरांनी मला फारसं चिडवलं नाही. बदलली ती आई. त्या दिवसापासून तिने माझ्या डाव्या हाताकडे पाहणं सोडलं. जेवायला वाढताना, एसटीत बसताना, लग्नाच्या मांडवात, ती कायम माझ्या उजव्या बाजूला असायची. मी इंजिनीअर झालो, पुण्यात नोकरीला लागलो, तरी तिने बाजू बदलली नाही. आमच्यात यावर कधी एक शब्दही झाला नाही.

हडपसरच्या ज्या आयटी कंपनीत मी लागलो, तिथे मी आठ बोटांनी टाइप करायचो आणि दहा बोटंवाल्यांच्या आधी काम संपवायचो. हे मुद्दाम सांगतोय, कारण मला त्याचा चांगलाच तोरा होता. टीमच्या फोटोत मात्र तो हात खिशात असायचा.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या कँटीनमध्ये दोन-तीन जण गिटार घेऊन बसायचे. सगळी टीम भोवती जमायची, मीही जमायचो. एक दिवस मनाने घेतलं की आपणही शिकायचं. क्लास लावला. शिकवणारा मुलगा माझ्याच वयाचा होता, फार सभ्य. माझा हात पाहून तो म्हणाला की गिटार उलटी धरा, तारा उजव्या हाताने दाबा आणि डाव्याने नुसतं छेडा. सल्ला शहाणपणाचा होता. महिनाभर तसं करूनही पाहिलं. पण त्यात माझं मन नव्हतं. मला तो डावा हातच कामाला लावायचा होता. का, ते तेव्हा मलाही धड सांगता आलं नसतं. मी क्लास सोडला.

आमच्या ऑफिसात एक पद्धत होती. परदेशातून परत आलेल्या माणसाने आपल्या टेबलावर चॉकलेटं ठेवायची आणि सगळ्यांना मेल करायचा. आमचा मॅनेजर अमेरिकेहून आला तेव्हा चॉकलेटांबरोबर क्लायंटने दिलेली सिगारची पेटीही घेऊन आला. पातळ लाकडाची, आतून वास येणारी, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या असलेली देखणी पेटी. सिगार कुठे गेल्या देव जाणे, पेटी मात्र पँट्रीत चहाच्या पुड्या ठेवायला आली. त्याच सुमारास मी ऑफिसच्या इंटरनेटवर एक व्हिडिओ पाहिला. एक म्हातारा अगदी अशाच पेटीला दांडी लावून, तीन तारा ताणून, एकेका बोटाने कॉर्ड, म्हणजे दोन-तीन सूर एकदम, वाजवत होता. मी तो सहा वेळा पाहिला आणि सरळ मॅनेजरकडे जाऊन पेटी मागितली. तो हसला आणि म्हणाला, घेऊन जा, पण चहाच्या पुड्यांची सोय तू कर.

गिटारच्या दुकानांत ती पेटी कोणी हातात धरेना. शेवटी कोणीतरी नारायण पेठेतल्या एका गृहस्थांचा पत्ता दिला. ते हार्मोनियम आणि तंबोरे दुरुस्त करायचे. सत्तरीचे असतील. त्यांनी पेटी उलटसुलट केली, टकटक करून कानाला लावली आणि विचारलं की आपण सिगार ओढता का. मी नाही म्हणालो. "मग निदान पेटीचा तरी उपयोग होईल," असं म्हणून त्यांनी ती ठेवून घेतली.

पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा पेटी ओळखू येत नव्हती. सागवानाची दांडी, तीन खुंट्या, हाडाची छोटी घोडी आणि दांडीवर पितळी तारेचे पडदे एकेक बसवलेले. ते म्हणाले, "कॉर्ड वगैरे आपल्या त्या गोष्टी मला कळत नाहीत. मी सा, प, वरचा सा असं लावून दिलंय. बिघडवू नका."

मी अर्थातच बिघडवलं. हा माझा स्वभाव नव्हे, आमच्या धंद्याची खोड आहे. जे कागदावर छापलेलं असेल ते खरं, आणि माणूस सांगतो ती त्याची सवय. मला वाटलं, आयुष्यभर तंबोरे लावणाऱ्या माणसाने हाताला येईल ते लावून दिलंय. मी इंटरनेटवरून गिटारच्या कॉर्डचा तक्ता छापला, गिटारच्या खालच्या तीन तारा जशा लावतात तशा या तारा लावून घेतल्या आणि तक्ता आरशावर चिकटवला. रोज सकाळी ऑफिसची बस येण्याआधी अर्धा तास बसायचो. काही कॉर्ड निघायचे. पण एका कॉर्डला तीन बोटं दाटीवाटीने शेजारी-शेजारी लागायची. माझी अर्धी बोटं तारेवर टेकायची आणि घसरायची. अर्ध्या बोटांच्या टोकांना घट्टे नव्हते, जुनी पातळ कातडी होती. ती सोलली, भरली, पुन्हा सोलली. दोन महिने मी त्या एका कॉर्डशी झगडत होतो आणि दर सकाळी हरत होतो. एकदा रागाने पेटी पलंगावर आपटली. मग लगेच उचलून कुठे चीर गेली नाही ना ते पाहिलं.

शेवटी दांडीत दोष असणार असं ठरवून मी नारायण पेठेत गेलो. त्यांनी तारा छेडल्या आणि चेहरा असा केला की जणू मी त्यांच्या पाण्यात मीठ घातलंय.

"मी लावून दिलेलं कोणी उतरवलं?"

मी तक्त्याचं सांगितलं.

"अहो, तो तक्ता छापणाऱ्याने आपला हात पाहिला होता का? मी पाहिला होता."

ते खुंट्या पिळत राहिले. सा, प, सा. मग माझं डाव्या हाताचं पहिलं बोट धरून त्यांनी ते तिन्ही तारांवर आडवं टेकवलं, पाचव्या पडद्याशी, आणि म्हणाले की छेडा. कॉर्ड वाजला. सातव्या पडद्याशी नेलं, दुसरा वाजला. बोट उचललं, मोकळ्या तारांचा तिसरा वाजला. साध्या गाण्याला लागणारे तिन्ही कॉर्ड, दोन महिने मला हरवणारा तोसुद्धा, या एका अख्ख्या बोटाने निघत होते. व्हिडिओतला म्हातारा हेच करत होता आणि मी सहा वेळा पाहूनही मला ते दिसलं नव्हतं. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर म्हणाले की वाकायचं राहू द्या, तारा पुसत जा.

पुढचे चार महिने मी सरावाला सुट्टी दिली नाही. एका पडद्यावरून दुसऱ्यावर बोट न पाहता जायला दीड महिना लागला. तार भुणभुणू नये म्हणून किती दाबायचं ते कळायला आणखी एक. मग अर्धी बोटंही कामाला लागली. पहिलं बोट आडवं असताना अर्धी बोटं त्याच्या पाठीवर बसवली की दाब भक्कम पडायचा. अख्खी बोटं तिथे अवघडली असती, माझी नेमकी बसत. हे मला कोणी शिकवलं नाही, माझं मला सापडलं. ज्या सकाळी ते सापडलं त्या सकाळी मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी बस चुकवली आणि रिक्षाने हसत हसत ऑफिसला गेलो. त्या शुक्रवारी कँटीनमध्ये पेटी घेऊन बसलो. दोन गाण्यांना साथ दिली आणि फोटोत हात खिशाबाहेर होता.

दिवाळीनंतर आई पहिल्यांदाच पुण्याला आली. बाबा जनावरांसाठी गावी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेथी निवडत जमिनीवर बसली होती, नेहमीसारखी माझ्या उजव्या बाजूला. मी पेटी काढली. तिला वाटलं, ऑफिसचं काहीतरी असेल. आमच्या गावच्या गुरुवारच्या भजनातली एक चाल आहे, ती तिच्या तोंडात कायम असते. तीन कॉर्डात ती नीट बसते, हे मी आधीच पाहून ठेवलं होतं. मी नुसते कॉर्ड धरले. मला भीती एवढीच होती की ती उठून स्वयंपाकघरात जाईल.

ती नकळत गुणगुणायला लागली. एक कडवं झालं. मग तिचे हात थांबले.

"कोणत्या हातानं दाबून राहिला रे ते?"

"डाव्या."

"मले पाहू दे."

ती मेथी बाजूला सारून उठली, माझ्या समोरून वळसा घालून डाव्या बाजूला येऊन बसली आणि सोळा वर्षांनी तिने त्या हाताकडे पाहिलं. मी वाजवत राहिलो. बोट एकदा घसरलं, तार भुणभुणली, तरी थांबलो नाही. तिचे डोळे भरले होते, पण तिने ते हातावरून हलवले नाहीत. चाल संपल्यावर पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "पुन्हा वाजव." मी पुन्हा वाजवली. तिने तीनदा वाजवायला लावली आणि मेथी तशीच राहिली.

संध्याकाळी आम्ही हडपसरच्या मंडईत गेलो. कोथिंबीर घेता घेता तिने काही न विचारता माझा डावा हात धरला आणि तो त्या भाजीवालीच्या समोर, तराजूच्या वर, उंच केला.

"माहा पोरगा बाजा वाजवते. या हातानं."

भाजीवालीने माझी बोटं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "लई भारी हाय की, मावशी," ती म्हणाली आणि कोथिंबिरीची आणखी एक जुडी वर टाकली. मला लाजायला झालं आणि मान ताठही झाली. पिशवी मी उजव्या हातात घेतली, कारण डावा आईने घरी पोचेपर्यंत सोडला नाही.