मामांची बोटं

जगातली निम्मी संकटं लोक लाकडी वस्तू उभ्या ठेवतात म्हणून येतात, अशी माझ्या बायकोच्या थोरल्या मामांची पक्की खात्री आहे. त्यांच्या विश्रामबागेतल्या घरात लाटणं ओट्याला टेकवून उभं ठेवायची कुणाची छाती होत नाही. मुसळ आडवं, नातवाची बॅट आडवी, आणि दांडा लाकडी आहे एवढ्याच गुन्ह्याखातर जुनी छत्रीसुद्धा आडवी. ओल खाली उतरते, एका टोकाला जाऊन बसते आणि वस्तूचा तोल जातो, हे त्यामागचं शास्त्र. मामींनी एकदा वैतागून विचारलं होतं, की लाटण्याचा तोल गेला तर होऊन होऊन काय होईल, चपाती वाकडी होईल एवढंच ना. त्यावर मामा जराही न हसता म्हणाले, "चपातीचं काय न्हाई गं. सवय वाकडी हुती."

ही सवय त्यांना विमानांनी लावली. मामा मूळचे म्हसवडचे. गावातल्या चारचौघांसारखे फौजेत भरती झाले आणि तिथं कुणीतरी त्यांचा हात बघून त्यांना विमानांच्या लाकूडकामाला लावलं. निवृत्त होऊन सांगलीत घर बांधलं, पण लाकूड काही सुटलं नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका माळावर एका ऊस बागायतदाराची छोटी धावपट्टी आहे. या गृहस्थानं तिसरा ट्रॅक्टर घ्यायच्या ऐवजी दोन माणसांचं विमान घेतलं. त्याच्या नाकावरचा पंखा लाकडी आहे, पातळ फळ्या एकावर एक चिकटवून घडवलेला. परवान्याचा इंजिनिअर मुदतीवर येऊन सरकारी कागद करून जातो, पण मालकांचा स्वतःचा एक नियम होता. मामांच्या वहीत त्या दिवशीची सही झाल्याशिवाय विमान शेडबाहेर काढायचं नाही. म्हणून गेली कित्येक वर्षं दर शनिवारी मामा पहाटेची एसटी पकडून माळावर जात. जावयाच्या बारशाला गेले नसतील इतक्या नेमानं जात, असं मी म्हणणार होतो, पण जावयाचं बारसं नसतं, हे बायकोनं लक्षात आणून दिलं.

त्यांची तपासणी बघण्यासारखी असे. आधी हात धुवायचे, घड्याळ काढून खिशात टाकायचं, पंखा आडवा करायचा. मग जुना रुपया घेऊन मधल्या भागापासून टोकापर्यंत बोटाबोटावर टकटक. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, जिथं डिंक सुटलाय तिथं आवाज बसका येतो. कडेला ठोकलेली पत्र्याची पट्टी, टोकाजवळचं पाणी निथळायचं बारीक छिद्र, वॉर्निशवरचा केसाएवढा चरा, सगळ्यांची विचारपूस व्हायची. एकदा कुणीतरी पंख्याला धरून विमान ओढायला लागला, तर मामांनी त्याला थांबवून शांतपणे विचारलं, "तुला कानाला धरून वढत घरी न्यू का?"

सगळ्यात जास्त वेळ पंखा इंजिनाच्या लोखंडी तबकडीला धरून ठेवणाऱ्या बोल्टांना लागे. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, त्यामुळं ऋतू पालटला की बोल्टांचा ताण नव्यानं बघावा लागतो. सैल राहिला तर लाकूड मागच्या लोखंडी तबकडीवर घासून घासून आतून करपतं, जास्त आवळला तर चिरडतं. "लाकडाला दाबायचं न्हाई, पावणं. धरायचं," हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की वर्गात पोरांशी वागताना मला ते आठवतं. ताण मोजणारा एक पाना त्यांच्याकडं असे. पण त्यांचा खरा विश्वास बोटांवर. लाकूड आणि तबकडीच्या सांध्यावर डाव्या हाताची बोटं ठेवायची, उजव्या हातानं पंख्याचं टोक हळूच हलवायचं, की आतली हालचाल बोटांना कळते. पाना आकडा सांगतो आणि बोट खरं सांगतं, असं ते छाती पुढं काढून म्हणत.

या कौशल्याचा प्रसाद आमच्या घरालाही मिळालाय. एका दुपारी आमच्या छतावरच्या विजेच्या पंख्याकडं ते जेवण होईपर्यंत बघत बसले. मग स्टुलावर चढले, केरसुणीची काडी एका जागी धरली आणि तिन्ही पाती एकेक करून तिच्यासमोरून फिरवली. एक पातं दोन बोटं खाली निघालं. आम्ही अकरा वर्षं मरणाच्या छायेत झोपत होतो, असं त्यांनी जाहीर केलं आणि पातं सरळ करून दिलं. पंख्याची खडखड थांबली. त्यानंतर आईला आठ दिवस झोप लागली नाही. तिला त्या खडखडीची सवय होती.

हे सगळं हसून सांगतोय, पण यंदाच्या फाल्गुनात जे झालं त्याचं हसू येत नाही. मला उंचीची भीती वाटते, म्हणून इतकी वर्षं मी विमानात बसायचं टाळत होतो. मामा मात्र दर दिवाळीला आग्रह धरत. "मी बघितल्याला पंखा हाय. आनि काय पायजे तुमाला?" शेवटी होळीनंतरच्या शनिवारी मी तयार झालो. ऋतू पालटलेला, म्हणजे बोल्टांना पाना लावायचा दिवस. पण पाना पुण्याला तपासून घ्यायला पाठवलेला होता, तो परत आला नव्हता. मालक म्हणाले, पुढच्या शनिवारी उडू. मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी पुढच्या शनिवारी पुन्हा धीर गोळा करेन, याची त्यांना खात्री नसावी. आज बोटानं बघतो म्हणाले. बघितलं, आणि वहीत सही केली.

मी आत बसलो. पट्टे बांधले. इंजिन सुरू करायच्या आधी मालक शेजारी बसून काट्यांकडं बघत होते. मामा शेडच्या कडेला चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी कप खाली ठेवला, खिशातला पांढरा रुमाल काढून बोटं पुसली आणि रुमालाकडं बघतच राहिले. मग तो नाकाशी नेला. पुढच्या क्षणी ते दोन्ही हात वर करून विमानासमोर आले.

पंखा उतरवला. मागच्या बाजूला बोल्टांच्या भोकांभोवती लाकूड काळं पडलं होतं, आणि त्या जागेची बारीक काळी भुकटी सांध्यातून बाहेर आली होती. मालकांनी मामांचे दोन्ही हात धरले. "मामा, आज तुमी व्हता म्हनून आमी हाय," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मीही तेच म्हणत होतो.

मामांनी हात सोडवून घेतले आणि रुमाल उलगडला. रुमालावर भुकटीचा पट्टा होता, तीन बोटांचा. ज्या बोटांनी त्यांनी सांधा तपासला, त्याच बोटांचा. एवढी भुकटी हाताला लागली होती, पंखा सांध्यात हलत होता, आणि बोटांना काहीच कळलं नव्हतं. रुमाल पांढरा नसता तर आम्ही वर असतो.

"शुगर हाय मला," ते मालकांना म्हणाले. "सालभर झालं, बोटाला मुंग्या येत्यात. वाटलं, बाकीच्या कामाला आसंल, ह्या कामाला न्हाई."

मालक समजूत घालू लागले. पाना आला की पान्यानं करा, रुपयानं बघा, तुमचे कान शाबूत आहेत, तुमी फक्त येत चला. कुणी चुकलं असं म्हणतच नव्हतं. मामा एवढ्यावरच थांबले असते, तरी सगळ्या तालुक्यात त्यांच्या नावानं ही हकिगत वाचवणाऱ्याची म्हणून सांगितली गेली असती. त्यांनी वही मागितली. मघाची सही खोडली नाही. तिच्याखाली स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, "वरील सही चुकीची आहे. तपासणाऱ्याची बोटं बधिर आहेत. यापुढे सही धरू नये." मग वही माझ्या हातात देऊन शुद्धलेखन बघायला सांगितलं. मी बघितलं. चूक नव्हती.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "पावणं, मी तुमाला बसवलं हुतं त्यात." मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो काढून घेतला नाही, आणि मी धरलाय हे त्यांना किती कळत होतं, ते मला ठाऊक नाही.

त्यानंतर त्यांनी माळावर जायचं सोडलं. नवा पंखा आला, पुण्याहून एक तरुण इंजिनिअर येऊन वहीत सही करू लागला. वैशाखात मी मामांशिवाय माळावर जाऊन मालकांबरोबर उडून आलो, कारण मी उडालो नाही तर मामा ते स्वतःच्या माथ्यावर घेऊन बसतील, अशी मला काळजी होती. वीस मिनिटं वर होतो. उसाचे चौकोन, कृष्णेचं पात्र, सगळं पाहिलं असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे डोळे मिटून घेतले होते.

संध्याकाळी विश्रामबागेत गेलो तेव्हा मामा पायरीवर बसले होते. सगळं ऐकून घेतलं. लाकूड कुठलं होतं, बोल्ट किती, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "भ्या वाटलं का वो?"

नाही म्हणालो. त्यांना बरं वाटलं. मला मात्र वर असताना भीती वाटली होती, आणि ती उंचीची नव्हती. त्या वहीतल्या सहीचं वळण माझ्या ओळखीचं नव्हतं.