जहाज छाप आत्या

माझ्या आत्याला कारखान्यात सगळे 'कात्री' म्हणत. कापाकापीचं काम करायची म्हणून नव्हे, जिभेमुळे.

तिची उमेदीची सगळी वर्षं एका जुन्या, नावाजलेल्या चहा कंपनीच्या पॅकिंग खात्यात गेली. कंपनीची खूण म्हणजे लाल डब्यावरचं सोनेरी जहाज, तिन्ही शिडं फुगलेली. पणजोबांच्या काळापासून त्या जहाजाची एक दोरीही हललेली नव्हती. चहा मात्र पार बदलला होता. मळे विकले गेले, चव ठरवणारे जुने लोक घरी बसले, मालक बदलले. उरलं ते जहाज. माल ट्रकमधून यायचा, तोही कुठून कुठून गोळा केलेला.

पॅकिंगच्या हॉलमध्ये छतातून पत्र्याचा एक जाड नळ खाली उतरत असे आणि टोकाला त्याला दोन फाटे फुटत. एका फाट्याखाली लाल डबे, दुसऱ्याखाली साध्या खाकी पिशव्या. डबे दुकानांत जात, पिशव्या कॅन्टीनवाल्यांकडे. आत्याने दोन्हीकडे काम केलं होतं.

"अरे, जुळी पोरं ती," ती मला सांगायची. "एकाला कोट चढवलाय, एवढंच."

निवृत्त झाल्यावर तिने घराच्या पुढच्या खोलीत दुकान थाटलं आणि तोच खाकी पिशवीतला चहा स्वस्तात सुटा विकायला ठेवला. तिला वाटलं, लोकांच्या उड्या पडतील. समोरच्या घरातल्या मास्तरीणबाई दुसऱ्याच दिवशी अर्धी पुडी परत घेऊन आल्या.

"याला तो वास नाही हो."

"कसला वास?"

"तो... जहाजाच्या चहाचा."

"तो पत्र्याचा वास असतो, बाई. डबा चाटा रिकामा."

माणसं शिकलेली, हिशोबी, भाजीवाल्याशी तासभर हुज्जत घालणारी. पण जहाज दिसलं की अक्कल गहाण. माझी आईसुद्धा नणंदेच्या दुकानावरून जाताना लाल डबा पिशवीत भाजीखाली लपवून आणायची.

मग कंपनीचा वर्धापनदिन आला आणि जाहिरातवाल्यांना एक जुनी, निष्ठावंत कामगार हवी झाली. डोक्यावर गॉगल चढवलेली एक मुलगी कॅमेरावाल्याला घेऊन थेट दुकानात हजर.

"आजी, चहाबद्दल मनापासून बोला. जे वाटेल ते."

आत्या याच दिवसाची वाट बघत होती जणू. तिने एका हातात लाल डबा घेतला, दुसऱ्या हातात खाकी पिशवी, आणि सगळं धडाधड सांगून टाकलं.

"डब्यात घाला नाही तर पिशवीत, चहा तोच! इतकी वर्षं झाली, चहा तोच! आणि तुम्ही त्या चित्राच्या पाया पडताय!" असं म्हणून मान मागे टाकून ती हसली. ते हसणं आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते ऐकलं की माणूस जागच्या जागी लहान व्हायचा.

"अप्रतिम!" गॉगलवाली म्हणाली.

ते गेल्यावर आत्या मला म्हणाली, "आता बघ कशी तोंडावर आपटते ही कंपनी."

थोड्याच दिवसांत मोठ्या चौकात फलक लागला. त्यावर बसएवढी आत्या, मान मागे टाकून हसणारी, हातात लाल डबा. पिशवीवाला हात कापलेला. खाली ठळक अक्षरांत: 'इतकी वर्षं झाली, चहा तोच!'

शब्द तिचेच. एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

ती तणतणत कंपनीच्या कचेरीत गेली. मीही सोबत होतो. साहेबाने उठून खुर्ची दिली.

"आजी, तुमचं हसणं लोकांना किती खरं वाटतंय!"

"खरंच आहे ते. तुम्हाला हसले मी!"

"तेच तर," साहेब खूश होऊन म्हणाला आणि त्याने चहा मागवला. आत्याने तो घेतला नाही.

दुकानात रांग लागू लागली. "आजी, तुमचा चहा द्या." ती खाकी पिशवी पुढे करी. "हा नाही हो, तुमचा! जहाजवाला!" मास्तरीणबाईही आल्या. "तुम्ही स्वतः सांगितलंत, म्हणून घेतेय."

आत्याने घसा बसेपर्यंत वाद घातला. मग नाइलाजाने लाल डबे ठेवले आणि शिव्या घालत विकू लागली. "घ्या, आणि पाण्यात झाकणही उकळा. चव तिथेच आहे." गिऱ्हाईक खो खो हसे, "काय गमतीदार आहेत आजी!" म्हणे आणि आणखी एक डबा घेई. तिने थोबाडीत मारली असती तरी लोकांनी गाल पुसून डबाच मागितला असता.

अखेर एका सकाळी तिने चहाची फळीच रिकामी केली. आता ती साबण विकते. दुपारभर बसून प्रत्येक वडीचा कागद सोलते, चुरगळून टोपलीत टाकते आणि उघड्या वड्या रांगेने मांडते. गिऱ्हाईक जवळजवळ संपलंच. ती मात्र तब्येतीने सुधारली आहे.

परवा एक गृहस्थ आले. वडी उलटीसुलटी करत संशयाने म्हणाले, "कुठला म्हणायचा हा?"

"अंगाचा," आत्या म्हणाली.