उघडी खिडकी

बुर्गी दारात बूट दोनदा आपटायची, गोठलेल्या तळ्याला काठीने ठोकून कान द्यायची आणि पाहुण्यांच्या स्कींना स्वतः मेण लावायची. तळ्याकाठचं तिचं गेस्टहाउस हिवाळ्यात कधीच बंद नसे. यंदा मात्र तिने तरुण मैत्रीण लेनीबरोबर पलीकडच्या काठावर स्वतःसाठी स्कीची सुट्टी ठरवली होती.

“तिथून माझ्याच बंद खिडक्या बघत कॉफी पिणार! आणि पोरी, पुस्तकं घरी ठेव. उतारावर कविता सावरायला येत नाही.”

निघायच्या सकाळी लेनी बॅग घेऊन आली. बुर्गीच्या खोलीची खिडकी त्या कडाक्यात सताड उघडी होती. माणूस गेलं की जिवाला वाट म्हणून शेजारी ती उघडतात. लेनीच्या हातून बॅग सुटली.

तळघरात बाकावर बुर्गीच्या स्की होत्या. एकीला मेण लावून झालं होतं. दुसरी कोरडीच होती.