माझंच आमेन
तपकिरीचा वास आला की आमचे पाळकसाहेब आठवतात. दुष्काळाच्या साली सोलापुरात मला नर्सिंगला जायचं होतं आणि मिशनच्या दवाखान्यात एकच जागा होती, तीही त्यांच्याच शिफारशीवर मिळायची. तपकिरीनं पिवळा पडलेला हात माझ्या डोक्यावर ठेवून ते म्हणाले, "थांब बाळ. आज्ञा पाळणाऱ्याला देव विसरत नाही की." मी थांबले. दर रविवारी चर्चमधल्या सतरंज्या झाडत राहिले. मग एका उपासनेत त्यांनी स्वतःच्या पुतणीला पुढं बोलावलं. ती जागा तिला मिळाली होती. तोच हात तिच्या डोक्यावर ठेवून त्यांनी आशीर्वाद दिला आणि म्हणाले, "सगळ्यांनी आमेन म्हणा." सवयीनं माझंच आमेन सगळ्यांत मोठं निघालं. ती पुढं मेट्रन झाली. आशीर्वादात बळ असतं, हे मला कुणी शिकवू नये.