पाव फेरा

माझी बायको चष्म्याच्या काचा घासते. दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी, समोर फिरतं चाक आणि बाजूला पाण्याचं भांडं. काचेवर आधी शाईचा एक बारीक ठिपका द्यायचा, बुबुळ नेमकं कुठे येणार त्याचा. तो ठिपका जरा जरी सरकला तरी गिऱ्हाईकाचं डोकं दुखतं, आणि ते बिचारं चष्मा सोडून डॉक्टर बदलत बसतं. सत्तावीस वर्षं ती हे काम करतेय. तिच्या हातचा चष्मा चुकला म्हणून परत आलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजावीत, आणि त्यातले दोघे तर स्वतःच चष्म्यावर बसलेले.

तर अशी ही बाई सहा वर्षं येईल-जाईल त्याला सांगत होती, "ऐनवेळी माझं डोकं चालत नाही हो." आणि ती तसं सांगायची ती माझ्यामुळे. सांगतो. आता लपवण्यासारखं राहिलंय काय?

मी लिफ्टवाला. लिफ्ट बसवतो, तपासतो, दुरुस्त करतो. आत भिंतीवर एक कार्ड लावलेलं असतं, त्यावर दर महिन्याला माझी सही असते. लोक ती सही वाचतही नाहीत, बटण दाबतात आणि चढतात. एवढा विश्वास माणसाला मिळाला की तो जरा चढेल होतो. मी झालो होतो. त्यात माझ्या नाकावर राग, आणि तोंड असं की एकदा सुरू झालं की मलाच आवरत नाही. ती मोजकं बोलते, पण जे बोलते ते बरोबर वर्मी.

समुद्रात उतरायचं खूळ आमच्या घरात आलं ते कंपनीच्या सोडतीतून. मला लागलं काय, तर दोन माणसांसाठी स्कूबा डायव्हिंगचा अभ्यासक्रम! मी म्हटलं, "विकून टाकू."

"विक की," ती म्हणाली, "तुझा अर्धा वीक. माझ्या अर्ध्यावर मी जाणार. सोबतीला तुझ्या बहिणीला विचारते."

माझी बहीण बादलीतल्या पाण्यालाही भिते. आता बायकोला परक्या माणसाच्या जोडीला पाठवायचं का? गेलो मुकाट्याने. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा, ती त्रेचाळीसची, आणि वर्गातली बाकी सगळी मंडळी आमच्या लेकीच्या वयाची.

आमचे शिक्षक टकले, चालायला हळू, बोलायला त्याहून हळू. त्यांना सगळे पाठीमागे कासव म्हणायचे, आणि त्यांना ते ठाऊक होतं. ते सांगायचे, पाण्याखाली जो घाई करतो तो हवा पितो. मी पीत होतो! अर्ध्या तासात माझा सिलिंडर रिकामा, आणि हिचा अर्धा शिल्लक. वर आल्यावर ही मुखवटा कपाळावर सरकवून विचारायची, "उरलेली बांधून देऊ का घरी न्यायला?" अख्खी बोट हसायची. मीही हसायचो, पण मनातून चरफडायचो. खोटं कशाला बोलू?

पण खाली गेलं की राग विरायचा. माझ्या मुखवट्याला नंबरची काच तिनेच घासून बसवलेली, म्हणून मला सगळं लख्ख दिसायचं. ती माझा हात धरून हळूहळू पाय मारायची, एखादा मासा दिसला की माझं मनगट दाबायची. घरात दिवसाला शंभर कामं उरकणारी ही बाई तिथे एका दगडापाशी दहा मिनिटं नुसती थांबायची. तिच्याइतकं खूश माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता या खेळात एक रीत असते. पाण्यात उडी मारण्याआधी जोडीदाराने जोडीदाराचं सामान तपासायचं. पट्टे, वजनं, जाकीट, हवा. एकेक नाव मोठ्याने घ्यायचं आणि दुसऱ्याने "आहे" म्हणायचं. सिलिंडरचा व्हॉल्व्ह पाठीवर असतो, आपल्याला नीट दिसत नाही, हातही धड पोचत नाही. तो दुसऱ्यानेच बघायचा. माझी पद्धत जुनी होती: पूर्ण उघडायचा आणि पाव फेरा मागे घ्यायचा, म्हणजे अडकून बसत नाही. कामावर सगळे व्हॉल्व्ह मी तसेच उघडत आलो.

तिसऱ्या वर्षी एका रविवारी धक्क्यावर कासवसरांनी तिला विचारलं, "नव्या पोरांना शिकवायला माझ्या हाताखाली येता का? तुमच्यासारखं शांत माणूस हवंय." तिला. मी शेजारीच उभा होतो, माझ्याकडे पाहिलंही नाही त्यांनी. आणि माझं तोंड सुटलं. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "ही? ही घराच्या किल्ल्या विसरते, ही लोकांचे जीव काय सांभाळणार!"

चार जण हसले. तिचा चेहरा उतरला, आणि ती माझ्याशी बोलायची थांबली.

बोटीवर आमचा अबोला. तिने आपलं सामान जोडलं, व्हॉल्व्ह उघडून श्वास घेऊन पाहिला, सगळं शिकवल्यासारखं. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तपासणीसाठी. नेहमी मी तिला पाठ फिरवायला सांगायचो. त्या दिवशी बोलणार कोण? मी समोरूनच तिच्या खांद्यावरून हात घातला, व्हॉल्व्ह चाचपला, घट्ट होईपर्यंत फिरवला, पाव फेरा मागे घेतला आणि तिच्या खांद्यावर थापटलं. झालं. समोरून हात घातला की बाजू उलटी होते. मी उघडा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला होता, आणि पाव फेराच उघडला होता.

वर पाव फेरा पुरतो. श्वास नीट येतो. जसजसं खाली जावं तसतशी जास्त हवा लागते, आणि मग ती येईनाशी होते. अठरा मीटरवर ती वळली आणि गळ्यावर हात आडवा फिरवला: हवा नाही. मी तिच्या सिलिंडरमधली हवा दाखवणारा काटा पाहिला. भरलेला. मी तळहात खाली-वर केला: शांत हो. तिने पुन्हा खूण केली. मी पुन्हा काटा दाखवला. तेव्हा मला दिसलं होतं की तिच्या प्रत्येक श्वासाला तो काटा खाली पडतोय आणि परत वर येतोय. दिसलं, पण हवेची वाटच अडलीय हे डोक्यात शिरलं नाही, कारण माझ्या डोक्यात एकच होतं, आली मोठी शिकवणारी.

मग तिने माझ्या जाकिटाला अडकवलेली हवेची जादा नळी ओढून तोंडात धरली, माझा पट्टा पकडला, आणि आम्ही वर आलो.

बोटीवर ती थरथरत बसली. मी तिचं सामान उतरवलं आणि सवयीने व्हॉल्व्ह बंद करायला गेलो. पाव फेऱ्यात तो थांबला. हाताला सगळं कळलं. कासवसर दहा मिनिटांनी बाकीच्यांना घेऊन वर आले. त्यांनी काटा पाहिला आणि मला विचारलं, "व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता?"

"हो," मी म्हटलं. "मीच तपासला होता."

लिफ्टवाल्याच्या तपासणीवर कोण शंका घेणार? ते तिच्याजवळ बसले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "होतं असं. खोलीची भीती कधी कोणाला धरेल सांगता येत नाही." प्रत्येक बुडीची नोंद असते त्या तिच्या वहीत तसंच लिहिलं. ती वही तिने घरी आल्यावर कपाटाच्या वरच्या खणात टाकली आणि समुद्राच्या नावाने कानाला खडा लावला.

सांगणार होतो. दुसऱ्या दिवशी, नाहीतर पुढच्या रविवारी, नाहीतर ती जरा सावरली की. ती सावरली नाही आणि मी मूग गिळून बसलो. आधी तिने मोठ्या रस्त्यावर गाडी चालवणं सोडलं. मग लेकीच्या ऑपरेशनच्या कागदावर सही करायची होती तर म्हणाली, "तू कर, माझं चुकेल." प्रत्येक वेळी माझं मन मला खायचं, आणि प्रत्येक वेळी मी प्रेमळ नवऱ्यासारखा पुढे व्हायचो. लाज वाटते सांगायला, पण लोक माझं कौतुक करायचे. किती सांभाळून घेतो हो बायकोला!

गेल्या वर्षी तिच्या दुकानाचे मालक घरी आले. म्हातारे झालेत, स्वतःलाच आता धड दिसत नाही. म्हणाले, "दुकान तुम्ही चालवायला घ्या. तुमच्याइतकं काचेतलं कोणाला कळतं? शनिवारपर्यंत सांगा, नाहीतर मी ते मोठ्या कंपनीला देतो, आणि ते ही मागची खोली मोडून टाकतील."

तिचे डोळे चमकले, मी पाहिलं. आणि लगेच विझले. "नको हो," ती म्हणाली, "रोजचं काम ठीक आहे. पण अडीअडचणीला माझं डोकं चालत नाही. आमच्या ह्यांना विचारा, बोटीवर काय झालं होतं ते."

त्या म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा कप उचलला.

शनिवारी सकाळी ती नकार कळवायला निघाली होती. दारात चपला घालत होती. मी म्हटलं, "थांब. बस जरा." आणि सांगितलं. धक्क्यावरच्या बोलण्यापासून ते सरांना दिलेल्या उत्तरापर्यंत, सगळं.

ती एक चप्पल पायात, एक हातात, तशीच खुर्चीवर बसली. "कुठल्या बाजूला फिरवलास? दाखव."

मी हवेतच हात फिरवून दाखवला. काचेवरचा ठिपका बघावा तसा तिने माझा हात बघितला.

"काटा हलत होता?"

"होय. प्रत्येक श्वासाला."

"म्हणजे मी घाबरले नव्हते."

"नाही गं. तुला हवा नव्हती. तू मागितलीस. मी दिली नाही तर तू घेतलीस, आणि मला घेऊन वर आलीस. तू सगळं बरोबर केलंस."

मग ती रडली. मी जवळ गेलो तर तिने हात आडवा केला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "व्हॉल्व्हचं सोड. माणसाच्या हातून चुकतं. पण मी गाडीची किल्ली परत ठेवायचे, तेव्हा तू शेजारी उभा असायचास. 'राहू दे, मी चालवतो' म्हणायचास. सहा वर्षं, अरे! रोज सकाळी माझ्या हातचा चहा पीत होतास."



तिने दुसरी चप्पल घातली, दुकानात गेली आणि हो म्हणून आली. आज दारावरच्या पाटीवर तिचं नाव आहे. दोन मुली तिच्या हाताखाली शिकतात आणि कोणी काच फोडली तर ती ओरडत नाही, "दुसरी घे" म्हणते.

मी कासवसरांकडे जाऊन कबूल केलं. ते म्हणाले, "तुमच्या शब्दावर लिहिलं होतं हो मी." त्यांनी तिची वही मागवली, ती ओळ खोडली आणि शेजारी सही केली.

आम्ही पुन्हा बोटीवर गेलो ते तिच्याच म्हणण्यावरून. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "मला जायचंय, आणि तुझ्याबरोबरच जायचंय." घरात पुन्हा बोलणं होतं, चेष्टा होते, ती मला पूर्वीसारखी टोमणेही मारते. मला वाटलं, मिटलं.

बोटीवर तिने माझी तपासणी केली. पाठ फिरवायला लावली, एकेक नाव मोठ्याने घेतलं, व्हॉल्व्ह उघडून दोनदा पाहिला. मग माझी पाळी. मी तिच्या मागे जायला निघालो तर तिने माझ्या हातावर हात ठेवला, अगदी मायेने, आणि तो बाजूला केला. बोटीच्या दुसऱ्या टोकाकडे वळून तिने हाक मारली, "सर, माझं जरा बघता का?"

सर आले. त्यांनी माझ्याकडे न बघता तिचं सगळं तपासलं. मग ती माझा हात धरून पाण्यात उतरली, आणि खाली पूर्वीइतकीच खूश होती.

त्यानंतर आम्ही चार वेळा गेलोय. चारही वेळा माझं तिने तपासलं, आणि तिचं दुसऱ्या कोणीतरी.