एस.टी. थांबवायची लाज

सलग तीन उन्हाळे मी प्रवासात पाण्याला शिवलो नाही. तहान लागायची, पण एस.टी. थांबवायची लाज वाटायची.

धुळ्यातल्या एका मारवाडी शेठच्या दुकानातले कापडाचे नमुने घेऊन मी गावोगाव फिरत असे. एकदा दोंडाईच्याच्या वाटेवर निकडीनं गाडी थांबवली आणि बाभळीआडून परतलो, तर अख्ख्या गाडीनं टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून पाण्याशी अबोला. खानदेशचं ऊन आणि हा अबोला, दोघांनी मिळून मुतखडा घडवला. तो कळला लग्नानंतर, सासुरवाडीच्या पंगतीत, आमरसाची वाटी तोंडाला लावताना. मी असा गडबडा लोळलो, की सासूबाई अंगारा आणायला धावल्या.

जळगावचे डॉक्टर म्हणाले, "भरपूर पाणी प्या. महिन्यानं या. पडला नसेल तर कापावं लागेल."

माझ्यापेक्षा बायकोच हादरली. तिच्या काकांना असंच कापायला नेलं होतं. ते घरी परतले नव्हते. हे तिनं नाही, सासऱ्यांनी मला सांगितलं.

सासऱ्यांची केळीची बाग होती. घड उतरवलेल्या केळीचं खोड ते ट्रकवाल्याबरोबर धुळ्याला पाठवत. बायको ते ठेचून, पिळून रस देई. चव तुरट, आणि डाग असा, की माझा एकही सदरा पाहुण्यांत घालण्याजोगा उरला नाही. रोज कुळथाचं कढण. शिवाय कामावर निघताना फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरून हातात. संध्याकाळी तो भरलेलाच परत आणून मी गुपचूप तुळशीत ओतत असे. ऐन वैशाखात तुळस अशी तरारली, की बायकोला कळलंच. रागावली नाही. "का हो?" एवढंच विचारलं. मी टाळ्यांची गोष्ट सांगितली. ती हसलीसुद्धा नाही.

महिना भरला. जळगावला ती बरोबर निघाली. वाटभर तांब्या माझ्या तोंडाशी. पारोळा मागे पडला आणि माझा चेहरा पाहून ती उठली. सासरच्या माणसांसमोर जिचा आवाज निघत नसे, ती डोक्यावरचा पदर सावरून भर गाडीत म्हणाली, "भाऊ, गाडी थांबवा. यांना जायचंय."

"बाई, आत्ता पारोळ्याला थांबलो होतो की!" कंडक्टर करवादला.

"तेव्हा यांना लाज वाटत होती."

गाडी हसली. बायको उभीच राहिली. गाडी थांबली तेव्हा तिनं माझ्या हातात डॉक्टरांनी सांगितलेलं लघवी गाळायचं फडकं कोंबलं.

बाभळीआड जी कळ आली ती सांगत नाही. ती गेली तेव्हा फडक्यावर खडा होता. रसानं पडला, कढणानं की पाण्यानं, देव जाणे. डॉक्टर पुढे पाण्याचं नाव घेत, सासरे केळीचं.

"पडला!" मी ओरडतच गाडीत चढलो. पुन्हा टाळ्या. मागचे एक आबा म्हणाले, "दखाडा ना भाऊ, केवढा शे?" फडकं बाकाबाकावरून फिरलं आणि शेवटी तिच्याकडे आलं. ती खड्याकडे बराच वेळ पाहत राहिली. डोळे भरून आले होते. पदरानं ते पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"याच्याहून मोठे खडे मी रोज डाळीतून निवडते. मी कधी लोळले का?"